तेराव्या वर्षी ‘काडी’ ठरलेला मुलगा: शाळेचा संघ निवडताना आपण नेमकं काय मोजतो?

जळगावात बर्फ म्हटलं की गोळ्याची गाडी आठवते. त्यामुळे हा लेख आइस हॉकीपासून सुरू होतोय म्हटल्यावर बरेच जण स्क्रोल करून पुढे जातील. जाऊ नका. विषय आपल्या तालुक्याच्या मैदानावरच येणार आहे.

भारतात आइस हॉकी मुख्यतः लडाखची. तिथे हिवाळ्यातले जेमतेम दोन-तीन महिने तळी गोठतात, तेवढ्यात काय तो सराव. तरीही जून २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला झालेल्या महिलांच्या आशिया चषकात भारतीय संघाने कांस्यपदक आणलं. संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या होत्या. पण मला सांगायचंय ते कॅनडाबद्दल. तिथे हा खेळ म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. पाच-सहा वर्षांचं पोर बर्फावर उतरतं आणि नऊ-दहाव्या वर्षी त्याची ‘चांगल्या’ संघासाठी निवड होते किंवा होत नाही.

१९८५ मध्ये रॉजर बार्न्सली या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत एक साधी गोष्ट तपासली: वरच्या पातळीवरच्या खेळाडूंचे जन्ममहिने. नंतर माल्कम ग्लॅडवेलच्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकामुळे हे जगभर पोचलं. ढोबळ हिशेब असा, की अव्वल दर्जाच्या कुठल्याही गटात सुमारे ४० टक्के खेळाडू जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधले जेमतेम १० टक्के. यात राशीचा काही संबंध नाही. तिथे वयोगटाची तारीख १ जानेवारी आहे. २ जानेवारीला जन्मलेला आणि ३० डिसेंबरला जन्मलेला एकाच गटात खेळतात. दहाव्या वर्षी त्या दोघांत एका अख्ख्या वर्षाचा फरक असतो, म्हणजे काही सेंटिमीटर, काही किलो आणि एका हिवाळ्याचा सराव. निवड करणारा मोठं पोर बघतो आणि म्हणतो, याच्यात टॅलेंट आहे.

आता आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांचा फॉर्म काढून बघा. १४, १७ आणि १९ वर्षांखालील, असे तीन गट. प्रत्येक गटासाठी ठरलेल्या वर्षाच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्म झालेला असावा लागतो. तारीख तीच. आपल्याकडे तर फरक आणखी मोठा पडतो, कारण १७ वर्षांखालचा गट तीन वर्षांचा आहे. त्यात नववीतलं पोर आणि मिसरूड फुटलेला अकरावीचा गडी एकाच मैदानावर येऊ शकतात.

माझी नोंद: १४२ सेंटिमीटर

माझा जन्म नोव्हेंबरातला. धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाळेत आठवीत असताना कबड्डीची निवड चाचणी झाली. पावसाळा होता, मैदानावर चिखल. सरांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं, उंच टोकाकडून बारा पोरं मोजली आणि बाकीच्यांना वर्गात जायला सांगितलं. चढाई करून दाखवण्याची वेळच आली नाही. रांगेच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून मागचा एक जण म्हणाला, “हाऊ ते काडी शे.” सगळे हसले, मीही हसलो. घरी दाराच्या चौकटीवर आई दर वाढदिवसाला पेन्सिलने रेघ मारायची. तेराव्या वर्षाची रेघ १४२ सेंटिमीटरवर आहे.

दहावीनंतरच्या दोन वर्षांत मी १९ सेंटिमीटर वाढलो. तोवर मैदान सुटलं होतं, सीईटीचा क्लास सुरू झाला होता. माझं फार नुकसान झालं, असा दावा नाही; मी काही राज्याचा खेळाडू झालो नसतो. पण त्या बारा जणांत माझ्या शेजारच्या बाकावरचा जो होता, त्याच्याबद्दल पुढे सांगतो. त्याचा जन्म जानेवारीतला.

सरांचा राग येत नाही. पन्नास पोरं, एक तास, एक शिट्टी. माणूस डोळ्यांना दिसेल तेच निवडणार. माझा मुद्दा एवढाच आहे, की त्या दिवशी मोजली गेली ती कबड्डी नव्हती. कोण आधी वाढलं, हे मोजलं गेलं.

अंग मोठं असल्याने नेमकं काय होतं?

इंजिनीअरिंगची चार वर्षं इथे थोडी कामाला येतात. टक्करीत वस्तुमान गुणिले वेग महत्त्वाचा. ४५ किलोचा चढाईपटू आणि ६० किलोचा कव्हर सारख्याच वेगाने एकमेकांवर आले, तर दुसऱ्याचा संवेग एक तृतीयांशाने जास्त. पट काढायला गेलेलं लहान पोर ओढलं जातं ते याच हिशेबाने. त्याचं तंत्र बरोबर असूनही.

पण गणिताची दुसरी बाजूही आहे. ठेवण तीच ठेवून उंची १० टक्क्यांनी वाढवली, तर स्नायूचा छेद, म्हणजे ढोबळमानाने ताकद, २१ टक्क्यांनी वाढते आणि वजन ३३ टक्क्यांनी. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या मानाने ताकद कमी होते. म्हणून पुल-अप्सच्या दांडीला लटकवलं, की किडकिडीत पोर दहा मारतं आणि वर्गातला दांडगा तिसऱ्यालाच पाय झाडतो. चपळाई, दिशा बदलणं, बोनस रेषेवर पाय टाकून मागे फिरणं, इथे हलकं अंग चांगलं चालतं.

मग मोठं पोर दोन्हीकडे पुढे का दिसतं? कारण तेरा-चौदाव्या वर्षी ते फक्त मोठं नसतं, ते वयात आलेलं असतं. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण बाराव्या वर्षी, मुलांची चौदाव्या. त्या काळात मुलगा वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर वाढतो आणि पाठोपाठ स्नायू भरतात. हे सरासरी वय झालं. प्रत्यक्षात एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शरीराच्या ‘वयात’ चार-पाच वर्षांचं अंतर असू शकतं. जन्मतारखेचा फरक जास्तीत जास्त एका वर्षाचा. खरा मोठा फरक हा आहे आणि तो कुठल्याही फॉर्ममध्ये लिहिलेला नसतो.

वाढीचा वेग जोरात असतो, तेव्हा पोर अडखळतंही. हाडं लांबलेली, मेंदूला नव्या लांबीची सवय नाही. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं. ‘कालपर्यंत बरा खेळायचा, आता आळशी झाला’ असं ज्याच्याबद्दल बोललं जातं, तो कदाचित फक्त वाढत असतो. त्याला त्या दिवसांत उड्या आणि पळापळ कमी हवी असते. मिळतात बहुधा जादाच्या फेऱ्या.

खाशाबांना वजनगट होता

लहान चण आणि खेळ म्हटलं की खाशाबा जाधव आठवतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. कोल्हापुरात शिकत असताना क्रीडाशिक्षकांनी अंगकाठी बघून त्यांचं नाव घ्यायला नकार दिला आणि प्राचार्यांकडे जाऊन त्यांनी परवानगी मिळवली, असं सांगितलं जातं. पुढे १९५२ मध्ये हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्य मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खाशाबांच्या जिद्दीबद्दल खूप लिहिलं गेलंय. एक गोष्ट मात्र राहून जाते: त्यांच्या खेळात ५७ किलोचा गट होता. त्यांना ९० किलोच्या मल्लाशी भिडावं लागलं नाही. आपल्याच चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला, तो वेगळ्या देहाचा, वेगळ्या गटाचा मल्ल. कुस्तीत दोघांनाही जागा आहे.

कबड्डीत वजनाची वरची मर्यादा आहे. पुरुषांना ८५ किलो, महिलांना ७५. वीस वर्षांखालच्या मुलांना ७० आणि मुलींना ६५. शालेय गटांतही वजनाची अट असतेच. पण खालची मर्यादा नाही. ३८ किलोचं पोर वरच्या मर्यादेला टेकलेल्या पोराची पकड करायला उभं राहू शकतं. खो-खोत एकेकाळी वय, उंची आणि वजन यांची बेरीज करून गट ठरवायचे. पद्धत ओबडधोबड होती, पण त्यामागचा विचार मला आजच्यापेक्षा शहाणा वाटतो.

वरच्या मर्यादेचा दुसरा परिणाम ज्यांनी मैदान पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. वजनाच्या आदल्या दिवशी पोरं पाणी बंद करतात. रेनकोट किंवा दोन स्वेटर घालून पळतात, थुंकत राहतात. आपल्याकडच्या उन्हात. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगट १०० ग्रॅमने बाद झाली, तेव्हा सगळा देश हळहळला. ती प्रौढ होती, तिच्यासोबत डॉक्टर होते. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महिनाभरात तीन कॉलेजकुमार मल्ल असंच वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथल्या विद्यापीठ कुस्तीचे नियम बदलले. वजनाआधी शरीरात पुरेसं पाणी आहे की नाही, हे तपासायला लागले. आपल्याकडे पंधरा वर्षांच्या मुलाला ‘दोन किलो उतरव’ असं सांगणं अजून प्रशिक्षण मानलं जातं. हे थांबायला हवं, त्यात दुसरी बाजू ऐकण्यासारखं काही मला दिसत नाही.

मुलींचं गणित वेगळं

मुलींमध्ये लवकर वयात येणं बऱ्याचदा उलट पडतं. अंगाचा घाट बदलतो, धावण्याची वेळ काही काळ मंदावते, पाळी सुरू होते. त्याच सुमाराला घरातून ‘आता पुरे’ सुरू होतं. शाळेत सहावीला सर्वांत वेगवान असलेली मुलगी नववीत मैदानावर नसते. तिला कोणी संघातून काढलेलं नसतं, पण तिला थांबवण्यासाठीही कोणी काही केलेलं नसतं.

आणि एक गोष्ट घड्याळात दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आहे. दहातल्या सहा. ६०० मीटरच्या शेवटच्या वळणावर दम लागून थांबणारी मुलगी ‘फिट नाही’, असं लिहायच्या आधी तिचं हिमोग्लोबिन बघायला हवं. स्टॅमिना वाढवण्यासाठी तिला आणखी पळवणं म्हणजे टाकीत पेट्रोल नसताना ॲक्सिलरेटर पिळणं. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीसाठी रोज ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचं प्रमाण ठरलेलं आहे. सकाळी सहाला सराव करून आलेल्या पोराला ते पुरत नाही आणि नववीपासून तेही नाही. खान्देशात केळी, शेंगदाणे आणि कळण्याच्या भाकरीला तोटा नाही. तोटा आहे तो सराव संपल्यावर अर्ध्या तासात पोराच्या हातात काहीतरी देणाऱ्याचा.

मग हाडाचा एक्स-रे काढायचा का?

हा प्रश्न लगेच येतो, कारण आपल्या भागात वय चोरणं हा उघड विषय आहे. आजोबांच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख. त्याची गंमत वाटते. आज मात्र दुसरा दाखला काढून दोन वर्षं कमी करणारे आहेत आणि त्यांच्यामुळे खरं वय सांगणारा मुलगा दुहेरी मागे पडतो.

क्रिकेट मंडळ १६ वर्षांखालच्या स्पर्धांसाठी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून ‘टीडब्ल्यू-३’ पद्धतीने हाडांचं वय ठरवतं. त्याने चोरी पकडली जाते, पण हाडाचं वय म्हणजे जन्माचं वय नव्हे. प्रामाणिक, फक्त लवकर वाढलेला मुलगाही त्यात बाद होऊ शकतो. शिवाय तालुक्याच्या प्रत्येक कबड्डीपटूचा एक्स-रे काढणं परवडणारं नाही आणि गरजेचंही नाही.

इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलने २०१५ पासून दुसरा मार्ग करून बघितला. बाथ विद्यापीठातले शॉन कमिंग यांच्यासारख्या संशोधकांच्या मदतीने मुलांचे सामने वयाऐवजी शरीराच्या वाढीनुसार लावले. पूर्ण वाढ झाल्यावर मुलाची उंची किती होईल, याचा अंदाज काढायचा आणि त्यातली ८५ ते ९० टक्के उंची गाठलेली मुलं एकत्र खेळवायची. उशिरा वाढणाऱ्यांना पहिल्यांदा चेंडू पायात ठेवून खेळता आलं. लवकर वाढलेल्यांना पहिल्यांदा आपल्याच ताकदीचा समोरचा भेटला आणि डोकं वापरावं लागलं. कॅनडाच्या आइस हॉकीने तर २०१३ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या गटात अंगावर धडक देणंच बंद केलं. त्याआधी २०१० मध्ये आलेल्या एका अभ्यासात धडकेला परवानगी असलेल्या प्रांतातल्या मुलांना दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त दिसला होता.

आणखी एक निष्कर्ष मला फार आवडला. अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या व्यावसायिक लीगच्या निवडीवर २०१३ मध्ये आलेल्या संशोधनात दिसलं, की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या खेळाडूंना संघांनी उशिरा निवडलं, पण पुढच्या कारकिर्दीत त्यांनी त्या क्रमांकाच्या मानाने जास्त कामगिरी केली. लहानपणी मोठ्या पोरांमध्ये टिकायला ज्याला तंत्र शिकावं लागलं, तो पुढे सरस ठरला. अर्थात, टिकलेल्यांचीच ही गोष्ट आहे. आठवीत वर्गात परत पाठवलेल्यांची यात मोजणी नाही.

आकडा नको, वेग बघा

मला सुचतं ते स्वस्त आहे. ‘खेलो इंडिया’च्या शाळेतल्या तंदुरुस्ती चाचणीत उंची-वजन, ५० मीटर, ६०० मीटर, बसून पुढे वाकणं, कर्ल-अप्स आणि पुश-अप्स मोजून अ‍ॅपवर भरतात. म्हणजे मोजणी होतेच आहे. पण भरलेला आकडा वर जातो आणि तिथेच राहतो. त्याच मुलाची उंची सहा महिन्यांनी पुन्हा मोजून दोन आकडे शेजारी ठेवले, तर वाढीचा वेग मिळतो. जूनमध्ये १४२ आणि डिसेंबरमध्ये १४४, म्हणजे वर्षाला ४ सेंटिमीटर: याची उसळी अजून यायची आहे. दुसरा १५२ वरून १५६.५ वर गेला, म्हणजे वर्षाला ९: हा आत्ता उसळीत आहे, त्याच्या गुडघ्यांना जपा. एक टेप, भिंतीवर एक खूण आणि दोन्ही वेळा सकाळीच मोजायचं, कारण दिवसभरात माणूस सुमारे एक सेंटिमीटर खचतो.

पालकांना घरी करता येईल असा एक हिशेबही आहे. आई-वडिलांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा. मुलगा असेल तर त्यात १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा आणि आलेल्या आकड्याला दोनने भागा. वडील १६८, आई १५२, तर मुलगा साधारण १६६. अंदाज आठ-नऊ सेंटिमीटर इकडेतिकडे चुकू शकतो, पण तेराव्या वर्षी १४२ असलेल्या मुलाचं अजून किती बाकी आहे, ते कळतं. वाढीबद्दल खरोखर शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे भारतीय मुलांचे २०१५ चे तक्ते असतात, पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांच्या पुढाकाराने ते तयार झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे परदेशी तक्ते आणि ‘उंची वाढवा’ पावडरी बाजूला ठेवा.

आणि शाळांनी संघाच्या यादीत नावापुढे जन्ममहिना लिहावा. एवढंच. बारापैकी नऊ नावं जानेवारी ते जूनमधली निघाली, तर निवडणाऱ्याला स्वतःलाच काहीतरी जाणवेल. सोबत दहा-बारा जणांची दुसरी यादी ठेवावी, लहान पण चपळ पोरांची, आणि त्यांनाही सरावाला येऊ द्यावं. यावर आक्षेप मला ठाऊक आहे: सरांना यंदा तालुका जिंकायचा असतो, तीन वर्षांनी कोण वाढेल त्याच्याशी घेणं नसतं. खरं आहे. जिल्हा, विभाग, राज्य असं पुढे गेलं की क्रीडागुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. नाशिक विभागाच्या स्पर्धेपर्यंत पोचलेल्या पोराच्या घरात त्या प्रमाणपत्राची किंमत काय असते, हे मी बातम्या करताना पाहिलंय. म्हणूनच आठवीतली ती रांग मला क्षुल्लक वाटत नाही.

शेजारच्या बाकावरचा मित्र मागच्या महिन्यात जळगावला भेटला. आठवीत तो संघाचा कणा होता. चढाईला जायचा आणि दोघांना अंगावर घेऊन मध्यरेषा ओलांडायचा. तंत्राची गरजच पडत नव्हती, म्हणून कोणी शिकवलंही नाही. चौदाव्या वर्षी जेवढा होता, जवळपास तेवढाच राहिला. आता त्याचं टायरचं दुकान आहे. लेखाचा विषय सांगितल्यावर म्हणाला, “अकरावीत सगळे माझ्याएवढे झाले ना भाऊ. मग पकड कशी सोडवायची, तेच मला माहीत नव्हतं.”

त्याचा मुलगा आता तिसरीत आहे, डिसेंबरातला. दुकानाच्या शटरशेजारी खडूने दोन रेघा मारलेल्या दिसल्या, तारखांसकट. मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं, की सहा महिन्यांत साडेतीन सेंटिमीटर झालं.